हाड, मांडव आणि माझी घाई



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विशेष काही नाही, निव्वळ आळस. पण गेल्या आठवड्यात घरात एक चांगली गोष्ट घडली. माझ्या धाकट्या भावाची नात डॉक्टर झाली. म्हणजे इंजेक्शन देणारी डॉक्टर नव्हे, पीएच.डी.वाली. (सुई मात्र तिच्याही कामात आहे. ती पुढे येईलच.) घरच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला. मीही हात जोडलेलं एक चित्र पाठवलं आणि तेवढ्यावर भागवलं.

रात्री जेवताना ही म्हणाली, "अहो, पोरीला एवढंच म्हणालात? तुमचं तिच्याकडे देणं आहे, विसरलात वाटतं."

विसरलो नव्हतो. पण तोंडाने बोलायचं म्हटलं की माझी अडचण होते. चाळीस वर्षं वर्गात बडबड केलेल्या माणसाला घरात चार शब्द सुचत नाहीत. म्हणून इथे लिहितो आहे. ती हे वाचते, मला माहीत आहे.

नातेवाइकांना पुढची हकिगत ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जुलै २०२२ मध्ये मी हिला स्कूटरवर मागे बसवून बाजारातून घरी येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. या वयात स्कूटर चालवू नका असं मुलगा वर्षभर सांगत होता आणि मी अर्थातच ऐकत नव्हतो. वळणावर चिखलात गाडी घसरली. मला गुडघ्याला खरचटलं. गाडी पडली ती हिच्या उजव्या पायावर. नडगीचं हाड मोडलं आणि कातडी फाडून बाहेर आलं. त्या जखमेत रस्त्यावरचा चिखल गेला. पुढची सगळी कथा त्या चिखलाचीच आहे.

जखम धुतली, बाहेरून सळ्यांचा सापळा लावला, काही दिवसांनी तो काढून हाडाच्या आत सळई घातली. दिवाळीपर्यंत ही वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली. मला वाटलं, सुटलो. पण जानेवारी २०२३ मध्ये नडगीवर एक बारीकसं तोंड पडलं आणि त्यातून पू यायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवले. हाड जुळलेलं नव्हतं आणि मधला साधारण चार सेंटिमीटरचा भाग मेलेला होता.

हाडही मरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू अशीच माझी समजूत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिकही तिथवर पोहोचत नाही. जंतू मात्र हाडावर आणि सळईवर चिकट थर करून त्याच्या आड निवांत बसतात. म्हणजे शत्रू किल्ल्यात आणि आपली फौज वेशीबाहेर.

त्यांनी दोन टप्प्यांचा मार्ग सांगितला. आधी मेलेलं हाड आणि जुनी सळई काढायची आणि त्या पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेलं हाडांचं सिमेंट भरायचं. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या सिमेंटभोवती एक पातळ पडदा तयार करतं. मग पुन्हा पाय उघडायचा, सिमेंट काढायचं, पडदा तसाच ठेवायचा आणि त्या पिशवीत कमरेच्या हाडातून काढलेला चुरा भरायचा. त्या चुऱ्यातून नवं हाड धरतं. मास्केले नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली. म्हणजे दोन मोठ्या शस्त्रक्रिया, शिवाय कमरेला वेगळी जखम. हिचं वय तेव्हा अडुसष्ट.

डॉक्टर म्हणाले, "लवकरात लवकर तारीख घ्या."

आणि इथे मी शहाणपणा केला.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक बातमी आली. शास्त्रज्ञांनी नॅनोधाग्यांची एक जाळी तयार केली आहे, ती मोडलेल्या हाडात ठेवली की तिच्यावर नवं हाड उगवतं, जाळीतून औषध झिरपत राहतं आणि काम झालं की ती आपोआप विरघळून जाते, अशा अर्थाची. मी उडालोच. हे तर हिच्या पायासाठीच केलेलं! मी कात्री घेतली, कात्रण कापलं आणि पाकिटात ठेवलं. हिला म्हणालो, "थोडं थांबू. दोन-दोन वेळा कापाकापी कशाला? हे येईलच इतक्यात."

कात्रण डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "सर, काम चांगलं आहे. पण ते माझ्या कपाटात नाही आणि यांच्या पायाला वाट बघायला सवड नाही." मला राग आला. वाटलं, यांना दोन ऑपरेशनचे पैसे हवेत. (डॉक्टर, तुम्ही हे वाचत असाल तर माफी असावी.)

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी मुलाकडून ई-मेल लिहवून घेऊन अनोळखी प्राध्यापकांना पाठवत होतो. एकाचं सभ्य उत्तर आलं की हे काम अजून रुग्णांसाठी नाही. ते मी हिला दाखवलं नाही. एप्रिलमध्ये एका रात्री हिला थंडी वाजून ताप भरला. दोन दुलया घालूनही अंग थडथडत होतं. पहाटे इथल्याच दवाखान्यात नेलं. पाच दिवसांनी घरी आणलं तेव्हा हिचा चेहरा एवढासा झाला होता. तरी मी म्हणतच होतो की ताप उतरला, आता बघू.

मे महिन्यात धाकटा भाऊ सहकुटुंब आला. गच्चीवर कुरडयांचा घाट घातला होता. ही खाटेवर पाय लांब करून बसली होती आणि तिथूनच चीक घट्ट झाला, पातळ झाला असे हुकूम सोडत होती. नात सोऱ्या दाबत होती. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते एवढं मला माहीत होतं. कशावर करते हे मी कधी विचारलं नव्हतं. पोरीची जात, शिकते आहे ना, बस, इतकीच माझी चौकशी. मी पाकिटातून कात्रण काढून तिला दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "मोठे आजोबा, मी हेच तर करते!"

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. घरातच विहीर आणि मी गावभर घागर घेऊन फिरत होतो.

तिने सगळं समजावून सांगितलं, अगदी मला कळेल अशा रीतीने. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मुलांना एक प्रयोग दाखवत. कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवायचं. मग ते रबरासारखं वाकतं. खनिज विरघळून जातं आणि मागे उरते ती मऊ तंतूंची चौकट. ते तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. म्हणजे हाड हे स्लॅबसारखंच, तंतूंच्या सळ्या आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचं सिमेंट. फरक इतकाच की हा स्लॅब जिवंत आहे. काही पेशी जुनं हाड खरवडत असतात, काही नवं बांधत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो.

लहानशी चीर शरीर स्वतः भरून काढतं. चार सेंटिमीटरचं खिंडार पडलं की पेशींना धरायलाच काही राहत नाही. ती म्हणाली, "आजोबा, दुधी भोपळ्याच्या वेलाला आपण मांडव घालतो ना, तसा पेशींना मांडव लागतो." त्यासाठी ही जाळी. हाडातले कोलॅजेनचे तंतू साधारण पन्नास ते पाचशे नॅनोमीटर जाडीचे असतात. तेवढ्याच जाडीचे धागे केले तर पेशींना ती जागा ओळखीची वाटते, त्या चिकटतात, पसरतात. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. तिचे धागे तीनशेच्या आसपास. म्हणजे केसाच्या अडीचशे पट बारीक.

हे धागे दाबून निघत नाहीत, ओढून निघतात. कुरडईला आपण वरून जोर लावतो. तिथे पिचकारीत घट्टसर द्रावण असतं, तासाला जेमतेम एक मिलिलिटर या वेगाने ते सुईच्या टोकाशी येतं. सुईला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. (आपल्या घरात दोनशे तीस.) विजेच्या ओढीने थेंबाचं टोक शंकूसारखं निमुळतं होतं आणि त्यातून एक धार सुटते. ती हवेत चाबकासारखी भिरभिरते, तेवढ्यात तिच्यातला द्रव उडून जातो आणि समोरच्या फिरत्या पिंपावर सुका धागा गुंडाळला जातो. जत्रेत म्हातारीचे केस करतात तसंच काहीसं.

मांडव कायमचा ठेवायचा नाही, हे यातलं खरं मर्म. ऑपरेशननंतरचे विरघळणारे टाके आपण पाहतो. त्याच जातीच्या पदार्थांचे हे धागे. काही प्रकार थोड्या आठवड्यांत-महिन्यांत विरतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या एकाला (हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले) दोन वर्षांहून अधिक लागतात. हाड धरायच्या आधी जाळी विरली तर सगळं कोसळलं. हाड तयार होऊनही ती तशीच राहिली तर तीच अडचण. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग कधी काढायचं हे गवंड्याला कळावं लागतं, तसंच.

औषधाचं गणित तर याहून अवघड. द्रावणात अँटिबायोटिक मिसळून धागे काढले की बरंचसं औषध धाग्याच्या पृष्ठभागाजवळ बसतं आणि ओल लागताच बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच धुऊन जातं. जंतूंचा बंदोबस्त मात्र कित्येक आठवडे करायचा असतो. उरलेले दिवस अगदी थोडं थोडं औषध झिरपलं तर आणखी वाईट, कारण तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. यावर एक उपाय असा की एकात एक अशा दोन सुया घ्यायच्या. आतल्या सुईतून औषध, बाहेरच्या सुईतून आवरण. ही लगेच खाटेवरून म्हणाली, "म्हणजे करंजी!" नात म्हणाली, "अगदी करंजी, मोठी आजी. सारण आत, पारी बाहेर. पारी जाड केली की सारण सावकाश बाहेर येतं."

मी मनात हिशोब करत होतो. शेवटी विचारलं, "मग हिच्या पायात कधी बसवायचं?"

ती गप्प झाली. सोऱ्या खाली ठेवला, हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आजोबा, आमची जाळी उंदराच्या कवटीतल्या पाच मिलिमीटरच्या भोकात आहे. तिथे वजन पडत नाही, तिथे पू नाही. आजीचं भोक चार सेंटिमीटरचं, पायातलं आणि जंतूंनी भरलेलं. माझी जाळी ओल्या पोळीसारखी फाटते. ती इतकी दाट होते की पेशी वरच बसतात, खोल शिरत नाहीत. आत रक्तवाहिन्या जायला हव्यात, त्याही नीट जात नाहीत. हे सगळं सुटेल, पण आजीच्या पायासाठी वेळेत सुटणार नाही. डॉक्टर सांगतात ते करा. आणि आजोबा, तीन महिने उशीर झाला आहे."

मी तिच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. "सहा-सहा वर्षं शिकून घरच्या माणसाच्या कामाला येत नसेल तर काय उपयोग त्या शिक्षणाचा? उंदरांसाठी शिकता काय?" असलं काहीतरी बोललो. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की न येणाऱ्या प्रश्नाला 'येत नाही' म्हणायला धैर्य लागतं. आणि घरातल्या पोरीने ते धैर्य दाखवलं तेव्हा मीच तिला फाडून खाल्लं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही. सोऱ्या उचलला आणि उरलेला चीक संपवला.

राग कशाचा होता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. स्कूटर मी चालवत होतो. हिच्या पायाला पुन्हा कापाकापी न होता तो बरा झाला असता तर माझी चूक पुसली गेली असती. मला हिच्यासाठी ती जाळी नको होती, माझ्यासाठी हवी होती.

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, डॉक्टरांना फोन लावा. पाय माझा आहे." बस, एवढंच.

मेअखेरीस पहिली शस्त्रक्रिया झाली. दुसरी जुलैच्या शेवटी होती, तोवर आम्ही पुण्यात भाच्याकडे राहिलो. एका पावसाळी दुपारी नात आली आणि म्हणाली, "चला आजोबा, आमचं दुकान दाखवते." मेमधल्या प्रकाराचा तिने एका शब्दाने उल्लेख केला नाही. मीही नाही.

मी काहीतरी भव्य यंत्र असेल अशा कल्पनेने गेलो होतो. काचेच्या दारांची एक पेटी, त्यात आडवी पिचकारी, समोर एक पिंप. पिंपाला गुंडाळलेली चांदी म्हणजे पोळ्या बांधतो तोच ॲल्युमिनियमचा कागद! सुईच्या टोकाशी थेंब दिसत होता. पुढे काही दिसेना. तिने मागून दिवा धरला तेव्हा कोळ्याच्या धाग्यासारखं काहीतरी क्षणभर चमकलं. तीन-चार तास यंत्र चालल्यावर हाती आलं ते पातळ पांढऱ्या कागदासारखं. मी हातात घेतलं तर वजनच लागेना.

त्या दिवशी काम बिघडलं होतं. पावसाळ्यात हवा दमट असली की धागे एकसारखे होत नाहीत. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रात धाग्यांवर जागोजाग मणी दिसत होते. द्रावण पातळ असलं तरी असं होतं. एकतारी पाक साधला नाही की लाडू बिघडतात, त्यातलाच प्रकार. वहीत त्या तारखेसमोर तिने हवेतला दमटपणा लिहिला, 'पुन्हा करणे' असं लिहिलं आणि यंत्र बंद केलं. मागची पानं मी चाळली. 'पुन्हा करणे' कितीतरी वेळा होतं. पहिल्याच दिवशी औषध वाहून गेल्याच्या नोंदींची तर रांग होती.

मी इतिहासाचा मास्तर, म्हणून तिला विचारलं, हे सुचलं कुणाला? तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्याने १६०० साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला की थेंब शंकूसारखा वर ओढला जातो. १६०० म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ते वर्ष! विजेने धागे काढण्याची पेटंट १९०२ मध्ये कूली यांनी आणि १९३४ मध्ये फॉर्महाल्स यांनी घेतली. सोव्हिएत रशियात १९३८ च्या सुमारास अशा धाग्यांचे हवा गाळणारे पडदे झाले. त्या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडलं, म्हणून त्याला टेलरचा शंकू म्हणतात. मग १९९० च्या दशकात अमेरिकेत ॲक्रन विद्यापीठात रेनेकर यांनी हे तंत्र पुन्हा जोमाने उचललं आणि तिथून ते हाडांच्या संशोधनात आलं. थेंबापासून हाडापर्यंत चारशे वर्षं. आणि मी तीन महिन्यांत पायात बसवायला निघालो होतो.

घाईची एक गोष्टही तिने सांगितली. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिलं की हाडातच असं काही द्रव्य असतं जे नवं हाड उगवायला लावतं. पुढे ती प्रथिनं वेगळी काढली गेली. त्यातलं एक कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून वापरायला अमेरिकेत २००२ मध्ये मणक्यासाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या मोडीसाठी परवानगी मिळाली. पण मानेच्या मणक्यात ते वापरल्यावर गंभीर सूज आली, श्वास कोंडण्यापर्यंत प्रकार गेले आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. स्पंज मोठी मात्रा थोड्या दिवसांत सोडतो. म्हणून तर थोडं थोडं, हवं तिथेच आणि हवं तितके दिवस सोडणाऱ्या धाग्यांचा एवढा खटाटोप. "औषध चांगलं असून भागत नाही आजोबा," ती म्हणाली, "ते कोणत्या वेगाने पोहोचतं तेही औषधच आहे."

जुलैअखेर दुसरी शस्त्रक्रिया झाली. सिमेंटभोवती पडदा छान धरला होता असं डॉक्टर म्हणाले. कमरेचा चुरा भरला. हिला पायापेक्षा कमरेचं दुखणं जास्त दिवस पुरलं. मग हळूहळू वजन टाकायचं. हाडावर भार पडतो तिथे ते भक्कम होतं, हे यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्येच लिहिलं आहे. म्हणजे फार जपूनही चालत नाही. आधी दहा किलो, मग वीस, घरातल्या वजनकाट्यावर पाय ठेवून मोजायचं. संक्रांत २०२४ ला ही काठी घेऊन शेजारी तिळगूळ द्यायला गेली. मी मागून चालत होतो. कोपऱ्यावर वळून म्हणाली, "असे मागे मागे काय येता? मी पडणार नाही." तेव्हा मला कळलं की आता आपलंही सेंटरिंग काढायची वेळ आली. काढलं. जड गेलं, पण काढलं. स्कूटर त्याआधीच विकली होती.

आज या विद्येची स्थिती काय, असं कुणी विचारेल. या जातीचे धागे दवाखान्यात मुळीच नाहीत असं नाही. मेंदूवरच्या आवरणाला ठिगळ म्हणून अशी पटलं वापरली जातात. हाडातली पोकळी भरायला कापसासारखा तंतूंचा पुंजका जपानमध्ये तयार झाला आहे, तो रुग्णाच्या स्वतःच्या हाडाबरोबर किंवा मज्जेबरोबर मिसळून वापरतात. हाडाच्या पोकळीत भरायचे अँटिबायोटिकचे सिमेंटचे मणी पुन्हा पाय उघडून काढावे लागत, त्यांच्या जोडीला आता कॅल्शियम सल्फेटचे विरघळणारे मणीही आले आहेत. म्हणजे आपल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच गोत्रातले. पण पू झालेलं मोठं खिंडार भरेल, औषधही सोडेल आणि अंगावर वजनही घेईल असं सगळं एकाच जाळीत अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. ते एक-एक पाऊल टाकत येतं आहे.

माझ्या वयाच्या वाचकांना एकच सांगणं. आपण कात्रणं कापणारी पिढी. खुशाल कापा, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख कात्रणापायी पुढे ढकलू नका. बातमी खोटी नव्हती. तिच्यातली 'कधी' ही गोष्ट माझ्या मनाने घातलेली होती.

आता तुझ्याशी बोलतो, बाळ. त्या दिवशी गच्चीवर तू खरं बोललीस. गोड बोलून मोठ्या आजोबांना खूश ठेवणं तुला सोपं होतं. तू 'थोडं थांबा' म्हणाली असतीस तर मी आणखी सहा महिने थांबलो असतो आणि तुझ्या आजीचा पाय, कदाचित आजीसुद्धा, हातची गेली असती. तुझी जाळी आजीच्या पायात नाही. तुझा नकार मात्र आहे. तुझ्या शिक्षणाचा काय उपयोग असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर रोज सकाळी पाच वाजता उठून अंगणात रांगोळी काढतं. मी चुकलो. हे तोंडाने म्हणायला दोन वर्षांहून जास्त लागली. आमचा वेगच असा.

ते कात्रण अजून पाकिटात आहे. घडीवर फाटायला आलं आहे. पुढच्या खेपेला आलीस की त्यावर सही करून दे.

ही आतून विचारते आहे की कुरडया कधी येणार न्यायला? डबा भरून ठेवला आहे. ये सावकाश.